घडीतली तारीख

विश्रामबागच्या चौकात शिट्टी वाजली तेव्हा
माझ्या मागे एकशे चाळीस भोपळे होते,
मंगळवेढ्याकडून आणलेले, वाळलेले,
सतारीचे.
वजन म्हणाल तर दोन पोरांएवढं,
पण गवताचा थर, दोरीवर दोरी, वर जाळी,
लांबून बघणाऱ्याला वाटावं
टेम्पो आता बसतोय.

हवालदार ऐनापुरे मागे गेले,
जाळीतून बोट घालून एकाला टिचकी मारली.
"आत काय हाय?"
"काही नाही साहेब. काही नाही म्हणून तर वाजतोय."
हे बोलायला नको होतं.
"कागद काढा."

लायसन होतं. विमा होता. पीयूसी परवाचीच.
आणि पासिंगचा तो कागद,
दोन वर्षं चार घड्या होऊन
चष्म्याच्या डबीत राहिलेला.
त्यांनी तो उन्हात धरला.
घडी नेमकी महिन्यावरून गेलेली,
घामानं, मळानं
तीनचा डावा अंग बुजून गेलेला.
मी आठ वाचत आलो होतो.
"ऑगस्ट न्हाई, मुजावर. मार्च.
चाळीस दिवस झालं, कायद्यानं ही गाडीच न्हाई."
रागानं नाही बोलले. पत्ता सांगावा तसं.

मी स्टिअरिंगकडं बघितलं.
मग चाळीस दिवस मी कशात बसून हिंडत होतो?

खिशात मोबाईल थरथरला. दंड आला,
सोबत फोटो: टेम्पो, चौक,
खिडकीतून बाहेर आलेलं माझं कोपर.

मिरजेत इस्माईलचाचांनी भोपळे उतरवून घेतले.
एकेक उचलायचे, कानाशी धरायचे,
आंगठीनं ठोकायचे.
अकरा बाजूला काढले.
मी विचारलं, चाचा, ह्यांची मुदत किती?
म्हणाले, "ह्याला मुदत नसते रे. ह्याला उंदीर असतो."

पासिंगच्या आदल्या रात्री टेम्पोखाली झोपलो,
म्हणजे पाठीवर आडवा झालो, पोत्यावर,
रॉकेलचा बोळा आणि पॉलिश पेपर घेऊन.
चिखल निघाला, ग्रीस निघालं,
मग गंज, आणि गंजाखाली
एकेक अक्षर, एकेक आकडा.
कागद ठेवून वरून पेन्सिल घासली.
पोरगी बॅटरी धरून बसली होती, मोठ्यानं वाचत गेली.
मधेच म्हणाली, अब्बा, हे तीन का आठ?
दोघं हसलो. मग मी पुन्हा खाली शिरलो
आणि बोटानं चाचपून बघितलं.
आठ होता.

मैदानावर सकाळी सातला रांग.
रेडियमच्या पट्ट्या रात्रीच लावलेल्या,
पुढं पांढऱ्या, मागं लाल.
वायपर श्रीकांत मगदूमचा.
त्या एका वायपरवर
त्या सकाळी तीन टेम्पो पास झाले.
चौगुले एजंट म्हणाला, लेट फी, रोजचे पन्नास.
म्हणजे एक आकडा चुकीचा वाचल्याचं भाडं.

इन्स्पेक्टर बाई तरुण होत्या, टोपीला घाम.
"हॉर्न." वाजवला.
"ब्रेक." थांबलो.
"इंडिकेटर. डावा. डावा म्हटलं."
टायरला बुटाचं टोक लावलं, काहीतरी लिहिलं,
पुढच्या गाडीकडं गेल्या.
मी दाढी करून गेलो होतो.
धुतलेला शर्ट, भांग पाडलेला.
माझ्याकडं कुणी बघितलंच नाही.

नवा कागद आता प्लास्टिकच्या पिशवीत आहे,
आडवी एकच घडी, तीही तारखेच्या खाली.
पोरगीनं बाजूला मराठीत महिना लिहून ठेवलाय,
अक्षरी.

त्यानंतर त्या चौकातून नऊ वेळा गेलो.
काल तर रिकामाच होतो, वेळही होता.
गिअर खाली टाकला, अगदी कडेनं गेलो.
ऐनापुरे सावलीत उभे,
बशीत चहा ओतून फुंकर मारत होते.
त्यांनी मान वर केली,
डाव्या हातानं चल, चल, केलं.

पुढं सिग्नलपर्यंत
माझा हात डॅशबोर्डवर, पिशवीवरच होता.